न झालेल्या गोलांची जुसारा

न झालेला एक तरी गोल तुम्हाला आठवतो का?

झालेले आठवत असतील. कुणी मारला, कोणत्या पायाने मारला, मारल्यावर शर्ट काढून कसा पळाला, सगळं. पण जो झालाच नाही, जो होण्याआधी कुणीतरी दोन पावलं सरकून संपवून टाकला, तो? नाही ना आठवत? मग जुसाराचं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार यात तुमचा फारसा दोष नाही. आपल्याला तशीच सवय लावली गेली आहे. जो चढतो त्याचा पुतळा होतो, जी थोपवून धरते तिच्या नावाची साधी पाटीही लागत नाही.

जुसारा ब्राझीलची. बचावपटू. वीसेक वर्षं तिने हेच काम केलं, तीन देशांत, आणि तिच्या आयुष्यातल्या गोलांची गोष्ट सांग म्हटलं की ती हसून म्हणायची, "एक मारलाय. स्वतःच्याच जाळीत."

अमेरिकेतल्या हर्नडन गावात आम्ही एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहायचो. मी नागपूरहून आलेली, एका कंपनीत टेस्टिंगचं काम करणारी, बरोबर दोन बॅगा आणि त्यातल्या एका बॅगेत पुस्तिका. माझं वाचन त्यांच्यावरच झालं. बाबा दरवर्षी स्टॉलवरून चळवळीच्या चार-आठ पानी पुस्तिका आणायचे, स्टेपलची पिन गंजली तरी त्या घरातून जायच्या नाहीत. त्यामुळे माणूस दिसलं की त्याचा मुद्दा काय हे आधी शोधायचं, ही माझी खोड.

जुसारा मला पहिल्यांदा दिसली ती तळमजल्यावरच्या लाँड्रीत. उंच, काळी, केसांच्या बारीक वेण्या घट्ट बांधलेल्या, डाव्या गुडघ्यावर लांब व्रण. ड्रायरमधून कपडे काढण्याआधी ती एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघायची, एकदा उजव्या, मग हात आत घालायची. प्रत्येक कपड्याला हेच. मला वाटलं, हिच्या मागावर कुणीतरी आहे.

"आर यू ओके?" मी विचारलं.

"हो. तू दाराजवळ आहेस. तुझ्यामागे ती निळी बादली आहे. तू मागे सरकलीस तर पडशील," ती म्हणाली. इतका वेळ माझ्याकडे तिने नजरही टाकली नव्हती.

चेंडू पायाशी येण्याआधी आजूबाजूला काय आहे ते बघून ठेवायचं. आल्यावर बघणारी उशीर करते. लहानपणी जडलेली ही सवय तिच्या चहाच्या कपालाही लागू होती. माझ्या घरी कप हातात घेण्याआधीही दोन्ही खांद्यांवरून नजर फिरायची. लिफ्टमध्ये भिंतीला पाठ, हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल. मैदान सोडताना तर ती उलटी चालायची, तोंड मैदानाकडे, पाय पार्किंगकडे. "मैदानाला पाठ दाखवायची नाही," म्हणायची. धडकत मात्र कधी नसे.

ती बाहिया राज्यातल्या तंबाखूच्या गावाची. तिची आई तिच्याआधी फुटबॉल खेळलेली, पण चोरून. त्या देशात एकेकाळी बायकांनी फुटबॉल खेळायला कायद्यानेच बंदी होती. बाईच्या शरीराला हा खेळ झेपत नाही म्हणे. तंबाखूच्या गोदामात दिवसभर गाठोडी उचललेली चालत होती. बायका ओढ्यापलीकडे खेळायच्या आणि एक जण झाडाखाली पोलीस येतात का ते बघत बसायची. हे ऐकून माझ्यातली पुस्तिका जागी झाली. मी तिला ऐकवायला लागले, की गुलामांची नातवंडं तुम्ही, कायद्याला लाथ मारलीत, तुझ्या आईवर तर एक अख्खं पत्रक निघालं पाहिजे. जुसाराने शांतपणे ऐकून घेतलं.

"आई म्हणायची, तिला राखणीला बसायला आवडायचं नाही, कारण चेंडू मिळायचा नाही. बस. आणि मलाही पोस्टर करू नकोस. पोस्टरला गुडघे नसतात."

तिला मागे उभं केलं ते पोरांनी. मुलगी आहे, मागे थांब, चेंडू आला तर परत दे. ती थांबली. काही दिवसांत तिच्या लक्षात आलं की पुढे पळणाऱ्या पोरांना फक्त चेंडू दिसतो आणि मागून सगळं मैदान दिसतं. नंतर पुढे खेळायला बोलावलं तेव्हा गेली नाही. इथले लोक तिला भेटले की हमखास एकच प्रश्न. "ब्राझील! मग ड्रिबलिंग दाखव ना." आमच्यातलाच एक जण तिला म्हणाला होता, "ब्राझीलची असून गोल मारत नाही? म्हणजे कोल्हापूरची असून तिखट खात नाही!" मी ते भाषांतर करून सांगितल्यावर ती पोट धरून हसली आणि पुढचे कित्येक दिवस अनोळखी लोकांना "मी तिखट न खाणारी आहे" असं सांगत राहिली.

मोठ्या शहरातल्या क्लबात गेली तेव्हा मुलींना पुरुषांच्या संघाचे जुने शर्ट मिळायचे. तिचा गुडघ्यापर्यंत यायचा. आईने तो आत घेतला, उरलेल्या कापडातून धाकट्या भावाची चड्डी शिवली. मग स्वीडन. तिथे तिने पहिल्यांदा बर्फ पाहिला आणि पहिल्यांदाच स्वतःच्या मापाचा शर्ट घातला. मग अमेरिका, गुडघ्याचं ऑपरेशन, कप्तानपद, दुसरं ऑपरेशन. मधल्या काळात देशाच्या संघातून काही सामने. हे ती ओळीने कधी सांगत नसे. भांडी घासताना एक तुकडा, गाडी चालवताना एक.

तिचा निरोपाचा सामना मी पाहिला. क्लबने ठरवलं होतं की शेवटची काही मिनिटं तिला उतरवायचं, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या. तिने एकच अट घातली: आपण एका गोलने पुढे असलो तरच उतरवा. हरत असताना बचावपटूला उतरवणं म्हणजे आग लागल्यावर कुलूप लावणं. संघ पुढे होता. ती उतरली. नंतर काय झालं ते मी आठवू पाहते आणि मला काहीच आठवत नाही. समोरच्यांची एक मुलगी उजवीकडून पळत आली, जुसारा हात पसरून तिच्याबरोबर उलटी पळत राहिली, मुलीला वाट सापडली नाही, तिने चेंडू मागे दिला. असं दोनदा झालं. शिट्टी वाजली.

बाहेर आली तेव्हा तिच्या हातात फुलं होती आणि पांढरी चड्डी इस्त्री केल्यासारखी स्वच्छ होती. मला दुरूनच ओरडून म्हणाली, "पाहिलंस? काहीच झालं नाही!"

इतकी खूश मी तिला पुन्हा एकदाच पाहिली. तो प्रसंग आता सांगते.

निवृत्तीनंतर ती आमच्या भागातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलींच्या संघाला शिकवायला लागली. निम्म्याहून जास्त मुली मराठी घरांतल्या. मैदान विमानतळाच्या वाटेवर, डलसला उतरणारी विमानं इतकी खाली येतात की शिक्षिकेचा आवाज त्यात बुडतो. म्हणून जुसाराचा पहिला नियम: बोलायचं तुम्ही, मी नाही. आणि तेही सगळ्यांनी नाही. सगळ्यात मागे उभी असलेली मुलगी बोलेल, कारण तिलाच सगळं दिसतं.

"इंग्लिशमध्ये ओरडलात तर समोरच्यांना कळेल. स्पॅनिशही कळेल. अशी कुठली भाषा आहे तुमच्याकडे, जी त्यांच्याकडे नाही?" तिने विचारलं.

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. "मॉम घरी ओरडते ती!" ईरा म्हणाली.

ईरा ही शिरीषदादा आणि मृणालताईंची मुलगी. घरी आईने मराठीत विचारलं तर इंग्लिशमध्ये उत्तर देणारी. आता ती मागच्या चौघींची प्रमुख झाली आणि मैदानभर "पुढे!", "मागे!", "मी आहे!" असं खणखणीत ओरडायला लागली. बाकीच्यांनीही ते शब्द उचलले. संघातली एक कोरियन मुलगी "मी आहे" इतकं सुंदर म्हणायची की मृणालताईंच्या डोळ्यांत पाणी यायचं. "शनिवारच्या मराठी शाळेला चार वर्षं सोडतेय हिला, तिथे तोंड उघडत नाही. आणि इथे बघ!"

आता एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चेंडू पुढे दिला जातो त्या क्षणी समोरच्या संघाची मुलगी आपल्या मागच्या फळीच्याही पलीकडे उभी असेल, तर ती ऑफसाइड. पंचाचं निशाण वर, खेळ थांबला. म्हणून मागच्या चौघी नेमक्या क्षणी एकदम पुढे सरकल्या, की ती आपोआप पलीकडे राहते. धक्का नाही, पाय घालणं नाही. पण चौघी म्हणजे चौघी. एक जरी मागे राहिली, तर सगळं मोडलं आणि समोरची मुलगी मोकळी. संघटना म्हणजे काय हे मी पुस्तिकांतून पुष्कळ वाचलं आहे. इतकं सोपं करून कुणी लिहिलं नव्हतं.

एका शनिवारी नेमकं तेच मोडलं. सामना बरोबरीत, शेवटची काही मिनिटं. समोरची मुलगी पळाली, चौघी पुढे सरकल्या असं वाटलं आणि मधूनच ईरा मागे आली. गोल. सामना गेला. ईरा मान खाली घालून तडक गाडीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी शिरीषदादांच्या बेसमेंटमध्ये पालक जमले. शिरीषदादा माणूस चांगला. पुण्याचा, कुणाच्याही घरी सोफा हलवायचा असला तरी हजर. पण त्यांनी मोठ्या टीव्हीवर सामन्याचा फोनवर घेतलेला व्हिडिओ लावून ठेवला होता, स्लो मोशनमध्ये, आवाज बंद करून. पोह्यांच्या प्लेटा फिरल्या. जुसारा भिंतीला पाठ लावून बसली. मी भाषांतराला, कारण तापले की सगळे मराठीवर येतात.

"विथ ऑल रिस्पेक्ट, कोच," शिरीषदादा म्हणाले, "बारा वर्षांच्या पोरींना हे फार रिस्की आहे यार. एक मुलगी कायम मागे सेफ्टीला ठेवू या. नाहीतर मग..." त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "सिरियसली, दुसरे कोच बघावे लागतील. ईरा रात्रभर रडलीय."

म्हणजे प्रश्न सरळ होता. एकतर जुसाराने आपली पद्धत सोडायची, नाहीतर मुली सोडायच्या. मी तिच्याकडे पाहिलं. ती टीव्हीकडे बघत होती.

"परत लावाल का?" ती म्हणाली. "आवाजासकट."

शिरीषदादांनी रिमोट दाबला. वाऱ्याचा आवाज आला, कुणाचं तरी कुत्रं भुंकलं. मग ईराचा बारीक, स्पष्ट आवाज: "पुढे!" आणि त्याच्यावर, फोनच्या अगदी जवळून, एक दणदणीत पुणेरी आवाज: "ईरा, मागे! अगं मागे ये!"

शिरीषदादा टीव्हीकडे बघत राहिले. आपण ओरडलो होतो हे त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. जगातल्या कुठल्याही कोचला न कळणारी भाषा मुलींनी निवडली होती. ती कळणारा एक जण कुंपणाशी फोन घेऊन उभा होता, आणि तो ईराचा बाप होता.

"अहो, तरी मी सांगत होते," मृणालताई एवढंच म्हणाल्या.

आता जुसारा शिरीषदादांना बोलेल असं मला वाटलं. मी तर तिच्या वतीने चांगले तिखट मराठी शब्द जुळवूनच ठेवले होते. ती म्हणाली, "आवाज चांगला आहे तुमचा. माझ्या कोचचाही चांगला होता."

मग तिने जे सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकलं. देशाच्या संघाकडून खेळलेला तिचा सगळ्यात मोठा सामना. मागची फळी तिच्या हातात. समोरची खेळाडू पळाली, जुसाराला दिसत होतं की पुढे सरकायचं, तिने तसं म्हटलंही, आणि बाकावरून कोच ओरडला, "मागे!" लहानपणापासून ती मागून सगळं बघत आली होती. कोच कडेला, बाकाच्या उंचीवरून, आडवं बघत होता. तरी तिचे पाय त्याचं ऐकून मागे गेले. बाकीच्या तिघी तिचं ऐकून पुढे गेल्या. गोल झाला. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत ती एकटी मागे उभी होती. कोचचा आवाज फोटोत येत नाही.

"गोल होतात, त्याचं काही नाही," ती म्हणाली. "मला माझं दिसलेलं खरं वाटलं नाही, त्याचं वाईट वाटलं. ते परत यायला मला फार वेळ लागला. ईराचं असं व्हायला नको. तिला दिसलं होतं. तिने शब्द बरोबर उच्चारला होता." मग पालकांकडे वळून, "मला एक सामना द्या. तेव्हाही फळी मोडली तर तुम्ही म्हणाल तसा दुसरा कोच आणा. मी त्याला चेंडूंची पिशवी उचलून देईन."

शिरीषदादांनी मान डोलावली आणि टीव्ही बंद केला.

त्या आठवड्यात जुसारा माझ्याबरोबर इंडियन ग्रोसरीत आली. तिला फक्त आंबे हवे होते. काउंटरजवळ शेंगदाण्याच्या चिक्कीची पाकिटं बघून ती जागीच थांबली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाहिलं, मग पाकीट उचललं. "ही तर आमची! आमच्या गावात जूनच्या जत्रेत मिळते. आई करायची." मी म्हटलं, आमची लोणावळ्याची. ती म्हणाली, शक्यच नाही. दुकानातच एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ तिला काही बोलता येईना. दातांत गूळ, डोळ्यांत हसू. मग तो गूळ सुटल्यावर तिने अख्खा खोका उचलला.

शनिवारी प्रत्येक पालकाला कुंपणाशी एकेक पाकीट मिळालं. नियम असा: चेंडू आपल्या अर्ध्यात आला की तुकडा तोंडात टाकायचा. चघळायचा, चावायचा नाही.

"लहान मुलांसारखं काय हे," शिरीषदादा पुटपुटले. पण त्यांनीच सगळ्यात मोठा तुकडा घेतला.

मुली एका गोलने पुढे होत्या. शेवट जवळ आला तसा समोरच्यांचा जोर वाढला. त्यांची एक मुलगी अशी पळायची, की बघणाऱ्यालाच दम लागावा. पालक एका ओळीत उभे, गाल फुगलेले, डोळे विस्फारलेले. जुसारा हाताची घडी घालून उभी होती, ओठ मिटलेले. मधल्या भागात चेंडू समोरच्यांना मिळाला. ती मुलगी निघाली. ईरा सगळ्यात मागे. आणि माझ्या शेजारी शिरीषदादांची चिक्की संपली.

"ईरा, मा..."

"बाबा, चिक्की!"

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. आणि त्याच दमात, वरून विमान जात असताना, त्याच्यावरही ऐकू जाईल असं: "पुढे!"

चौघी सरकल्या. चेंडू त्यांच्या डोक्यांवरून गेला, ती मुलगी एकटीच गोलकडे धावत राहिली आणि रेषेवरच्या पंचाचं निशाण वर गेलं. कुंपणाशी लोक हसत होते की ओरडत होते, तोंडं भरलेली असल्यामुळे कळत नव्हतं. शिरीषदादांनी पाकिटात उरलेली सगळी चिक्की एकदम तोंडात कोंबली आणि शिट्टी वाजेपर्यंत आकाशाकडे बघत उभे राहिले.

सामना संपल्यावर जुसाराने मुलींना रिंगणात उभं केलं. तिचा नेहमीचा प्रश्न: "आज काय झालं?"

"काहीच नाही!" मुली किंचाळल्या.

मी म्हटलं ना, तितकी खूश तिला पुन्हा एकदाच पाहिली. ती ही.

त्यानंतर दुसऱ्या कोचचा विषय कुणी काढला नाही. जुसारा पुढचे दोन सीझन राहिली. या उन्हाळ्यात ती बाहियाला परतली, तिच्याच भागातल्या मुलींना शिकवायला. ते मैदान ओढ्याच्या अलीकडे आहे आणि झाडाखाली कुणाला बसावं लागत नाही. जाताना सामानात तिने चिक्की नेली, आईला दाखवायला, की बघ, हे लोक ही स्वतःची म्हणतात.

शेवटचा सराव संपला तेव्हा तिने ईराला चेंडूंची पिशवी दिली, शिरीषदादांशी हात मिळवला आणि निघाली. उलटी. तोंड आमच्याकडे, मैदानाकडे. मध्ये एकदा डाव्या खांद्यावरून मागे पाहिलं, एकदा उजव्या. लावलेल्या गाड्यांच्या मधून, एका स्ट्रोलरला वळसा घालून, कशालाही न धडकता ती थेट आपल्या गाडीच्या दारापर्यंत पोचली. हात वर केला. ईरा माझ्या शेजारून ओरडली, "मी आहे!" गाडी निघून गेली.

आता एक मागणं आहे, आणि ते मी माझ्या बाबांच्या पुस्तिकांच्या शेवटच्या पानासारखं सरळ मागते. येत्या शनिवारी तुमच्या घराजवळ मुलींचा सामना असेल तर जा. तुमची मुलगी त्यात नसली तरी जा. रेषेच्या बाहेर उभे राहा, तोंडात काहीतरी कडक ठेवा आणि चेंडूकडे बघू नका. सगळ्यात मागे जी उभी आहे तिच्याकडे बघा. तिचं ऐका. सामना संपल्यावर तिला तिचं नाव विचारा आणि सांगा, की काहीच झालं नाही, ते मी पाहिलं.